वजा एक

कुपवाडच्या एमआयडीसीत, फाउंड्रीच्या मागच्या गाळ्यात
आम्ही स्टार्टरचे बोर्ड काढतो.
हिरव्या पाटीवर तांब्याच्या वाटा,
हळद शिजवायच्या बॉयलरला चालतील,
म्हैसाळकडच्या विहिरीवर चालतील.
ज्या सॉफ्टवेअरात काढतो ते कुणाच्या मालकीचं नाही.
म्हणजे माझंही आहे,
हे कळायला चार वर्षं गेली.

तोवर नुसती चरफडायचे.
तांबं भर म्हटलं की सगळं भरायचं,
शेवटचा कोपरा तेवढा कोरडा.
पाटाचं पाणी सोडावं
आणि एका सरीनं तोंड फिरवावं, तसा.
दर वेळी मी हातानं एक तुकडा वर ठेवायचे,
कोपरावर ठिगळ लावावं तसा.
पोवार सर म्हणायचे, चालतंय की ओ नसीमबाई.
चालत होतंच.

एका रविवारी त्याचं पोट उघडलं.
लाखो ओळी.
कुणीकुणी, कुठल्याकुठल्या थंडीत लिहिलेल्या.
मधेच एक शेरा:
हे का चालतं ठाऊक नाही, हात लावू नका.
हसू आलं. आमच्या पॅनेलच्या दारावर
खडूनं हेच लिहिलंय.

तीन आठवड्यांनी सापडलं.
कोपरे मोजताना कुणीतरी
एक वजा एक टाकून ठेवलेला.
पाचातले चार धरायचे
आणि पंगत उठवायची.

मिरजेच्या घरात अब्बा जवारी काढत बसलेले.
घोडीवर कानस दोनदा. तार छेडायची. कान लावायचा.
पुन्हा कानस, या वेळी अर्धीच.
काय केलंस आज?
एक वजा एक काढला.
बस्स?
तीन आठवडे लागले.
त्यांनी कानशीवरचा भुगा फुंकला.
मला वाटलं, आता काही मोठं बोलतील.
म्हणाले, चहा टाक. आलं संपलंय.

दुरुस्ती पाठवली. एकच ओळ, तीही कमी करणारी.
नऊ दिवसांनी पोलंडमधल्या कुणा वोइचेखचं उत्तर:
ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिलीय, काढ.
आणि भोक असलेल्या आकारावर तपासून बघ.
रिकामी जागा दिसते याला,
चार वर्षांचा कोरडा कोपरा दिसला नाही!
रागारागानं भोकाचा आकार चालवला.
फुटला.

दोन दिवस कुणाशी बोलले नाही.
भोकाच्या आकारात पहिला कोपरा
शेवटी पुन्हा येतो, दार लावून घ्यायला.
तिथं तो वजा एक बरोबर होता.
ज्यानं लिहिला त्याला घाई नव्हती, आळस नव्हता,
त्याच्यासमोर त्या दिवशी
भोक होतं, एवढंच.
त्याचं नाव शोधलं. नुसती दोन अक्षरं सापडली
आणि चौदा वर्षांपूर्वीची एक तारीख.
शेरा मी तसाच राहू दिला.
फक्त खाली लिहिलं: आता थोडं ठाऊक आहे.

वजा एक परत ठेवला, पण अट घालून.
एकाच्या सहा ओळी झाल्या.
वोइचेखनं एक अंगठा दाखवला.

नव्या आवृत्तीच्या यादीत तीनशे बाराव्या जागी
भरावातला कोपरा, दुरुस्त, एवढंच आलं.
पोवार सरांनी बोर्ड भरला, बघितला, पाठवला.
ठिगळ कुठं गेलं, विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
जेवणाच्या सुट्टीत मात्र तीनदा भरून बघितला,
रिकामा करून पुन्हा.

आता बोर्डावर मराठीत छापायचंय.
वायरमनला वाचता यावं म्हणून
एका टर्मिनलशी लिहिलं, विहीर.
पडद्यावर वि-ची वेलांटी
ह-च्या गळ्यात जाऊन पडते.

अब्बा कानस पुसत होते.
आता काय अडलं?
एक वेलांटी.
आधीची की नंतरची?
दिसते आधी, म्हटलं,
येते नंतर.
ते जरा थांबले.
मग तार पुन्हा छेडली.